डोक्यातली फिल्म सगळ्यांच्या हातात : विद्यार्थी लघुपट दिग्दर्शित करताना टीम आणि नियोजन

माझ्या पहिल्या विद्यार्थी लघुपटात खिडकीपाशी बसलेल्या दोन बहिणींचा एक सीन होता. अडीच पानांचा. सकाळी नऊला थोरलीवर कॅमेरा लावला आणि तिच्या क्लोजमध्ये मी इतकी रमले की धाकटीचे शॉट सुरू व्हायला दुपारचे तीन वाजले. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. सहा तासांत तो खिडकीसमोरून घराच्या पार मागे गेला होता. एडिटला बसलो तेव्हा थोरलीच्या गालावर कोवळं ऊन आणि तिच्याकडे बघणारी धाकटी करड्या सावलीत. दोघी एकाच खोलीत बसल्यात हे कुणालाच पटेना. निम्मा सीन कापावा लागला.

त्या दिवशी कॅमेरा बिघडला नव्हता, कलाकारही चुकले नव्हते. खिडकीतलं ऊन अकरापर्यंतच टिकणार, हे कॅमेरा सांभाळणाऱ्या मैत्रिणीला चांगलं माहीत होतं. पण कुठले शॉट घ्यायचे आणि कुठल्या क्रमाने, हे फक्त माझ्या डोक्यात होतं. ती काय विचारणार आणि मी काय सांगणार?

विद्यार्थी फिल्ममध्ये कुणाला मानधन नसतं. मित्रमैत्रिणी आपले दिवस देतात, झोप देतात, परीक्षेच्या तोंडावर येऊन दिवे उचलतात. त्यांचा वेळ हेच आपलं खरं भांडवल, आणि ते उधळलं तर दुसऱ्या दिवशी माणसं येतात पण मन येत नाही. म्हणून फिल्म आधी कागदावर उतरवायची आणि तो कागद प्रत्येकाच्या हातात द्यायचा. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने करा. पहिल्या वेळी सगळं जमणार नाही, पण क्रम मोडू नका.

गोष्ट आपल्या मापाची करा

पटकथा नेहमीच्या मांडणीत लिहिली असेल तर एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट. हिशेब ढोबळ आहे. फटाफट संवादांचं पान चाळीस सेकंदांत संपतं, आणि ‘तो गर्दीतून वाट काढत फलाटाच्या टोकाला पोचतो’ ही एक ओळ पडद्यावर दीड मिनिट आणि शूटिंगचा अख्खा दिवस खाते. तरी सुरुवातीला हाच गज हातात धरा.

नव्या टीमने दिवसाला तीन-चार पानांहून जास्त धरू नये. दहा पानांची फिल्म म्हणजे तीन दिवस. लोकेशन बदललं की सामान बांधणं, नेणं आणि पुन्हा मांडणं यात दोन तास सहज जातात. म्हणून दहा पानांत सहा जागा असतील तर पटकथा पुन्हा उघडा. जिन्यातलं बोलणं स्वयंपाकघरात चालेल का? चालत असेल तर आणा.

रात्रीचं बाहेरचं शूटिंग, लहान मुलं, प्राणी, पाऊस, चालती गाडी, गर्दी या सगळ्या गोष्टी वेळखाऊ आहेत. त्यातली एखादी ठेवा, जिच्यावाचून गोष्ट उभीच राहत नाही ती. बाकीच्या पुढच्या फिल्मसाठी राखून ठेवा. पटकथेतली काटछाट फुकट असते, सेटवरची महाग पडते.

कोण काय करणार, आणि शेवटचा शब्द कुणाचा

सात-आठ जणांत चांगलं काम होतं: दिग्दर्शक, फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक), कॅमेरा, कॅमेरा असिस्टंट, साउंड, आर्ट आणि कपडे, कंटिन्यूइटी (शॉटमागून शॉट सगळं सारखं राहतंय ना, हे बघणारा), प्रॉडक्शन. माणसं कमी पडली तर आर्ट आणि प्रॉडक्शन एकाकडे देता येतात. दिग्दर्शकाने मात्र कॅमेरा धरू नये आणि शक्यतो स्वतः अभिनयही करू नये. फोकस सांभाळणारा डोळा अभिनय बघत नाही, फोकस बघतो. आणि फर्स्ट एडीला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही.

या एडीच्या कामाबद्दल विद्यार्थ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. ज्याला कॅमेरा येत नाही त्याला एडी करतात, आणि तो दिवसभर सामान वाहतो. खरं तर एडी सेटचा वेळ चालवतो. शेड्यूल तोच बांधतो, पुढच्या शॉटला काय लागणार हे आत्ताच्या शॉटमध्ये बघून ठेवतो, आणि ‘आपण वीस मिनिटं मागे आहोत’ हे दिग्दर्शकाला कानात सांगतो. कानातच, ओरडून नाही. दिग्दर्शक कलाकारांसोबत असताना घड्याळाकडे बघणारं कुणीतरी हवंच. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी, शांत डोक्याची आणि वेळप्रसंगी तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकणारी व्यक्ती या कामासाठी मागून घ्या.

साउंडचा माणूसही पहिल्या दिवसापासून घ्या, शूटच्या आदल्या दिवशी शोधून आणलेला नव्हे. एडिटरलाही पटकथा वाचायला द्या. ‘या सीनमधून पुढच्या सीनमध्ये जायचं कसं?’ हा प्रश्न त्यालाच पहिल्यांदा पडतो.

मग एका कागदावर लिहा: कुठल्या गोष्टीत अंतिम शब्द कुणाचा. अभिनय आणि गोष्ट दिग्दर्शकाकडे. फ्रेम दिग्दर्शक आणि कॅमेरा मिळून ठरवतील, पण प्रकाश कसा करायचा हे कॅमेऱ्याचं डोकं ठरवेल. आवाज वापरण्याजोगा आला की नाही हे साउंड सांगेल आणि त्यावर वाद होणार नाही. सुरक्षेसाठी ‘थांबा’ म्हणायचा हक्क सगळ्यांना. मित्रांमध्ये असलं काही लिहायला संकोच वाटतो, तरी लिहा. मैत्री बिघडते ती बहुतेक वेळा ‘मला वाटलं हे तू करणार होतास’ या वाक्याने.

एकत्र वाचन

सगळी टीम एका खोलीत बसून पटकथा मोठ्याने वाचा. फक्त कलाकार नव्हे, सगळे. वाचन संपलं की दिग्दर्शकाने एका वाक्यात सांगावं, फिल्म कशाबद्दल आहे. कथानक नको, गाभा सांगा. ‘माफी मागायला उशीर झालेल्या मुलीची गोष्ट’ एवढं कळलं की आर्टवाली मैत्रीण भिंतीवर लटकलेलं जुनं कॅलेंडर स्वतःच सुचवते. एक वाक्य सांगता येत नसेल तर आठवडाभर थांबा आणि पटकथेवर काम करा.

वाचताना कुणीतरी घड्याळ लावून एकूण वेळ टिपावी. त्यात हालचालींचा अंदाज मिळवा. पंधरा मिनिटं भरली आणि मर्यादा दहाची असेल, तर हे आजच कळलेलं बरं.

ब्रेकडाऊन

आता एडी आणि दिग्दर्शकाने पटकथेची चिरफाड करायची. प्रत्येक सीनला क्रमांक द्या आणि तो पुढे बदलू नका; मध्ये सीन वाढला तर ४ नंतर ४ अ. सीनची लांबी पानाच्या आठव्या भागांत मोजतात, म्हणजे पाऊण पानाचा सीन ६/८. ही पद्धत जगभर चालते, कारण त्यामुळे दिवसाची बेरीज करता येते.

मग एकेका सीनमध्ये काय काय लागतं ते वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा: पात्रं, वस्तू, कपडे, मेकअप, वाहनं, खास आवाज. न लिहिलेलंही शोधा. ‘ती पत्र फाडते’ असं पटकथेत असतं. किती टेक होतील? पाच धरले तर पाच सारखी पत्रं, सारख्याच हस्ताक्षरात. पात्र पावसातून घरात येत असेल तर प्रत्येक टेकआधी कपडे ओले करायला पाणी, कपड्यांचा दुसरा जोड आणि टॉवेल. हे सगळं ब्रेकडाऊनमध्ये आलं तर खरेदीची यादी आपोआप तयार होते. नाही आलं तर शूटच्या दिवशी कुणीतरी धावत सुटतं आणि बाकीचे सात जण बसून राहतात.

रेकी, आणि तीही शूटच्या वेळेला

जागा बघायला एकदा दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन गेले की काम झालं, असं नाही. दुसऱ्यांदा कॅमेरा, साउंड आणि एडी यांना घेऊन जा, आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. रविवारी दुपारी शांत असलेली गल्ली सोमवारी सकाळी शाळेच्या गाड्यांनी भरलेली असते.

खोलीच्या मध्यभागी उभं राहा, सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसवा आणि ऐका. पंखा, पाण्याचा पंप, शेजारचा टीव्ही, ट्यूबलाइटची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न. कुठला आवाज बंद करता येईल, कुठला नाही, हे साउंडने लिहून घ्यावं. फ्रीज तर शूटभर बंद ठेवावाच लागतो. साउंडवाल्यांची एक जुनी युक्ती मला फार आवडते: फ्रीज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. निघताना किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो, आणि तो चालू करायची आठवण होते. दुसऱ्याच्या घरातलं सामान नासत नाही आणि ते घर पुढच्या वेळीही मिळतं.

कॅमेऱ्याने बघायचं ते वेगळं. खिडकी कुठल्या दिशेला, ऊन किती वाजेपर्यंत, भिंतीचा रंग चेहऱ्यावर येतो का, कॅमेरा मागे न्यायला जागा किती. तिथल्या दिव्यांखाली अर्धा मिनिट रेकॉर्ड करून फ्लिकर (चित्रात दिसणारं दिव्यांचं लुकलुकणं) तपासा. विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० सेकंद ठेवल्यावर बहुतेक फ्लिकर जातो. विजेचा भारही मोजा: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १,००० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर ओढतो. एकाच बोर्डवर असे तीन दिवे लावायच्या आधी घरमालकाला विचारा.

आणि ज्या गोष्टींचं कुणाला कौतुक नसतं त्या: स्वच्छतागृह, कलाकारांना कपडे बदलायला बंद खोली, सामान ठेवायला कुलूपबंद जागा, जवळचं रुग्णालय. परवानगी लेखी घ्या, तारखा आणि वेळा घालून. सार्वजनिक जागी मारामारीचा किंवा खोट्या शस्त्राचा सीन असेल तर अधिकृत परवानगी आणि आजूबाजूच्या लोकांना आधी कल्पना, या दोन्हींशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. यात तडजोड नाही.

शॉट डिव्हिजन आणि नकाशा

शॉट डिव्हिजन, म्हणजे सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते ठरवणं, रेकीनंतरच करा, आधी नको. आधी केलेलं डिव्हिजन कल्पनेतल्या खोलीचं असतं, आणि खऱ्या खोलीत त्या जागी कपाट निघतं.

चित्रकला यायची गरज नाही. खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा, पात्रांच्या जागी गोल, त्यांच्या हालचालीला बाण, कॅमेऱ्याच्या जागी क्रमांक घातलेला त्रिकोण. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक रेघ ओढा आणि कॅमेरे शक्यतो तिच्या एकाच बाजूला ठेवा. ती रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि प्रेक्षक गोंधळतो. मुद्दाम ओलांडायची असेल तर जरूर ओलांडा, चुकून नको.

शॉट आणि सेटअप यांत गल्लत होऊ देऊ नका. कॅमेरा एका जागी आहे, प्रकाश तसाच आहे आणि तुम्ही चार वेगळ्या ओळींसाठी त्याच फ्रेमकडे परत येणार आहात, तर एडिटमध्ये ते चार शॉट दिसतील, पण सेटवर तो एकच सेटअप आहे. वेळ सेटअपला लागतो. म्हणून नकाशा बघून विचारा: या दिशेला बघणारं सगळं एकदम उरकता येईल का? आधी वाइड (सगळी जागा दिसणारा शॉट), मग त्याच बाजूचे जवळचे शॉट, आणि मग एकदाच कॅमेरा फिरवून समोरची बाजू. माझ्या दोन बहिणींचा सीन असा आखला असता तर खिडकीतल्या उन्हात दोघींचे महत्त्वाचे शॉट नऊ ते अकरामध्ये बसले असते, आणि टेबलावरच्या हातांचे शॉट दुपारी सावलीतही चालले असते.

प्रत्येक शॉटपुढे अ, ब किंवा क लिहा. अ म्हणजे याच्याशिवाय सीन उभा राहत नाही. ब म्हणजे असला तर सीन चांगला होतो. क म्हणजे हौस. ही अक्षरं घरी, शांत डोक्याने लिहायची. सेटवर संध्याकाळी सहाला सगळेच शॉट ‘अ’ वाटतात.

शेड्यूल: मिनिटांचा हिशेब

दहा तासांचा दिवस म्हणजे ६०० मिनिटं. सामान मांडायला ६०, जेवणाला ४५, संध्याकाळी आवरायला ४५, एका खोलीतून दुसरीत जायला ३०. उरली ४२०. एका सेटअपला प्रकाश, तालीम आणि चार-पाच टेक धरून सरासरी २५ मिनिटं लागतात. म्हणजे १६ सेटअप. तुमच्या यादीत २८ असतील, तर बारा सेटअपचं काय करायचं हे आज ठरवा. ‘जमवू कसंतरी’ हे उत्तर नव्हे. एकतर दिवस वाढवा, नाहीतर क आणि ब गाळा.

सीन कथेच्या क्रमाने घ्यायचा हट्ट सोडा. आधी लोकेशनप्रमाणे गट पाडा, मग दिवस-रात्र, मग कलाकार कधी मोकळे आहेत ते. तरी एक पथ्य पाळा: सगळ्यात भावनिक सीन पहिल्या दिवशी सकाळी ठेवू नका. टीम एकमेकांना सरावलेली नसते, कलाकार अजून अवघडलेले असतात. दिवसाची सुरुवात सोप्या शॉटने करा. नऊच्या कॉलला (सेटवर हजर व्हायच्या वेळेला) दहाला पहिला शॉट ओके झाला की सगळ्यांच्या अंगात जोर येतो. बाहेरचे सीन आधी आणि आतले नंतर ठेवा, म्हणजे पाऊस आला तर आत शिरता येतं.

कॉलपासून सहा तासांच्या आत जेवण झालंच पाहिजे, आणि रात्रीच्या पॅक-अपपासून सकाळच्या कॉलपर्यंत निदान दहा तास. थकलेला माणूस दिवा पाडतो, आणि गाडी चालवत घरी जाणारा तर त्याहून मोठा धोका पत्करतो. शेवटी अर्धा दिवस राखीव ठेवा.

कलाकारांसोबत तालीम

तालीम म्हणजे संवाद घासून गुळगुळीत करणं नव्हे. सीनमधल्या प्रत्येकाला समोरच्याकडून काय हवंय ते ठरवा, आणि मग हातांना काम द्या: कपडे घड्या घालणं, बुटाची नाडी, पुस्तकं लावणं. सेटवर ‘जरा अजून उदास’ असं सांगितलं की कलाकार चेहरा पाडतो. ‘ती निघून जायच्या आत तिला थांबव’ असं सांगितलं की तो खरोखर थांबवू लागतो. शक्य असेल तर एक तालीम लोकेशनवर घ्या आणि फोनवर शूट करा. ते तुकडे ढोबळपणे जोडून बघितले की डिव्हिजनमधल्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

कॉलशीट आणि आदली संध्याकाळ

कॉलशीट आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत सगळ्यांना पोचली पाहिजे. एका पानात बसेल इतकीच. त्यात हे हवं:

- तारीख, पत्ता, नेमकं कुठल्या दारातून यायचं
- प्रत्येकाची वेगळी कॉल टाइम. सगळ्यांना सातला बोलावून दोघांना दुपारपर्यंत बसवू नका
- सीन क्रमांक, घेण्याचा क्रम, लागणाऱ्या खास वस्तू
- सूर्योदय, सूर्यास्त, हवामान
- जेवणाची आणि पॅक-अपची वेळ
- एडी आणि प्रॉडक्शनचा फोन, जवळचं रुग्णालय

‘बघितलं’ एवढं उत्तर प्रत्येकाकडून घ्या. जो उत्तर देत नाही त्याला फोन करा. त्याच संध्याकाळी बॅटऱ्या चार्जिंगला, कार्ड रिकामी, लेन्स पुसलेल्या. बॅटरी कोण चार्ज करणार त्याचं नाव लिहा. ‘आपण करू’ म्हटलं की कुणीच करत नाही.

सेटवर

प्रत्येक सेटअपचा क्रम ठरलेला ठेवा: आधी ब्लॉकिंग (कलाकारांच्या जागा आणि हालचाली ठरवणं), मग लाइटिंग, मग तालीम, मग टेक. ब्लॉकिंगच्या वेळी खोलीत फक्त दिग्दर्शक, कलाकार, कॅमेरा, साउंड आणि एडी. कलाकार कुठे उभे राहतात हे ठरलं की जमिनीवर टेप लावा. मग कलाकारांना बाहेर न्या आणि खोली कॅमेऱ्याच्या ताब्यात द्या. ती वीस मिनिटं दिग्दर्शकाने दिव्यांत लुडबुड करायची नाही. कलाकारांपाशी बसा, सीनबद्दल बोला. नवखे दिग्दर्शक नेमकं उलटं करतात: दिवा कुठे लावायचा यावर वाद घालतात आणि कलाकार कोपऱ्यात फोन बघत बसतात.

टेकची हाकही ठरलेली. एडी म्हणतो, “सगळे शांत. रोल साउंड.” साउंड म्हणतो, “रोलिंग.” “रोल कॅमेरा.” “रोलिंग.” असिस्टंट वाचतो, “सीन ४, शॉट ३, टेक २,” आणि क्लॅप. मग क्षणभर थांबून दिग्दर्शक, “ॲक्शन.” ‘कट’ फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं, आणि संवाद संपल्यावर मनात तीन मोजून. किती तरी वेळा सगळ्यात खरा क्षण त्या तीन सेकंदांत मिळतो. सुरुवातीला क्लॅप राहिली तर शेवटी द्या, पाटी उलटी धरून, म्हणजे एडिटरला कळतं.

कंटिन्यूइटीवाल्याला मॉनिटरजवळची खुर्ची द्या. बाही कितपत दुमडली होती, ग्लासात पाणी किती होतं, ‘पण’ म्हणताना कुठला हात वर गेला, प्रत्येक टेकला किती वेळ लागला आणि दिग्दर्शकाला कुठला आवडला, हे सगळं तो लिहितो. प्रत्येक सेटअपचा फोटोही काढतो. तीन आठवड्यांनी एडिटवर हीच वही सोन्याची ठरते.

दिग्दर्शकाने टेकनंतर लगेच काहीतरी बोलावं. शांतता कलाकाराला खाते. ‘छान, अजून एक घेऊ, या वेळी दाराकडे बघू नकोस’ एवढं पुरे. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, हळू आवाजात. आणि काय बदलायचं हे माहीत नसेल तर अजून एक टेक घेऊ नका.

दिवसाचा शेवटून दुसरा शॉट आला की एडीने ते सगळ्यांना सांगावं. हॉलिवूडमध्ये या शॉटला ‘ॲबी सिंगर’ म्हणतात. त्या नावाचे एक सहायक दिग्दर्शक ‘हा आणि अजून एक’ असं आधीच जाहीर करत, म्हणजे टीम पुढच्या हलवाहलवीची तयारी सुरू करू शके. विद्यार्थ्यांच्या सेटवर ही सवय रोजची वीस मिनिटं वाचवते.

मागे पडलात तर

मागे पडणार आहातच. जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शक, कॅमेरा आणि एडी यांनी पाच मिनिटं यादी घेऊन बसावं. क गाळा. मग दोन ब शॉट एकत्र करता येतात का बघा: वेगळ्या क्लोजऐवजी पात्रच चालत कॅमेऱ्याजवळ आलं तर? कित्येकदा हा शॉट मूळ बेतापेक्षा चांगला निघतो. मात्र साउंडचा वेळ कापू नका, आणि जेवणाचाही नाही.

मतभेद झाले तर

होतील, आणि झालेच पाहिजेत. जिथे सगळे दिग्दर्शकाला माना डोलावतात तिथे कुणीतरी काम मनातून सोडून दिलेलं असतं. वादाची जागा मात्र ठरवा. लेन्स, रंग, ब्लॉकिंग यांवरचे वाद रेकी आणि डिव्हिजनच्या बैठकीत घाला, हवे तेवढे. सेटवर मतभेद झाला तर दोघांनी बाजूला जायचं, कलाकारांच्या नजरेआड, आणि दोन मिनिटांत निर्णय. मी एकदा कलाकारांसमोर कॅमेऱ्यावरच्या मित्राशी लेन्सवरून तावातावाने भांडले. वाद मी जिंकले, पण पुढचे दोन तास नायिका प्रत्येक टेकनंतर माझ्याऐवजी त्याच्याकडे बघत होती. आपण चुकतोय की काय, हे तिला दोघांच्या चेहऱ्यांवरून ताडायचं होतं. ते शॉट आजही बघवत नाहीत.

निर्णय बदललात तर सगळ्यांना सांगा, कारणासकट. चूक तुमची असेल तर सगळ्यांसमोर कबूल करा. दुसऱ्याची असेल तर त्याला एकट्याला गाठून बोला. पॅक-अपनंतर दहा मिनिटं उभ्याउभ्याच बोला: आज कुठे अडलो, उद्या काय बदलायचं. सगळ्यात धाकट्या असिस्टंटला आधी बोलू द्या.

आवाज आणि डेटा

प्रत्येक जागा सोडण्याआधी निदान ३० सेकंद, शक्यतो मिनिटभर, रूम टोन घ्या. सगळे जागच्या जागी, दिवे चालू, कुणी हलायचं नाही. रिकाम्या खोलीचा तो आवाज संवादांमधली भोकं बुजवतो. गोंगाटात गेलेल्या ओळी तिथेच, कॅमेरा बंद करून, कलाकाराकडून पुन्हा बोलून घ्या. एक मिनिटाचं काम, आणि पुढचं डबिंग वाचतं.

डेटाचा अंदाज आधी काढा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. दहा मिनिटांच्या फिल्मला आठपट फुटेज धरलं तर ८० मिनिटं, म्हणजे ६० जीबी. त्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत वेगळ्या घरी. कार्ड रिकामं करायचा अधिकार एकाच माणसाला. दोन प्रती उघडून, शॉट चालवून बघितल्याशिवाय त्याने फॉरमॅटचं बटण दाबायचं नाही. भरलेल्या कार्डावर लाल टेप लावा.

एडिटच्या टेबलावर

एडिटरला फुटेजबरोबर कंटिन्यूइटीची वही, साउंड रिपोर्ट आणि शेवटची पटकथा द्या. पहिली जुळणी त्याला एकट्याला करू द्या. तुम्ही शेजारी बसलात की तुम्हाला त्या शॉटसाठी घेतलेले कष्ट दिसतात, त्याला फक्त शॉट दिसतो, आणि त्याचं बघणं बरोबर असतं. रफ कट, म्हणजे ही कच्ची जुळणी, अनोळखी पाच जणांना दाखवा आणि ‘आवडलं का’ असं न विचारता ‘कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही’ असं विचारा. पिक्चर लॉक झाल्यावरच, म्हणजे शॉटची जुळणी कायमची ठरल्यावरच, साउंड मिक्स आणि रंगाचं काम. लॉकनंतर दोन सेकंदही हलवले तर या दोघांचं काम पुन्हा करावं लागतं. संगीत मित्राकडून नवं करून घ्या, किंवा वापरण्याची लेखी परवानगी मिळवा. परवानगी नसलेलं गाणं असेल तर महोत्सवाचं दार बंद होऊ शकतं.

श्रेयनामावली शेवटच्या रात्री घाईत टाइप करू नका. प्रत्येकाला आपलं नाव हवं तसं, स्वतःच्या हाताने लिहून द्यायला सांगा, कामाचं नेमकं पद त्यापुढे. घर देणाऱ्या काकू, एक्स्टेन्शन बोर्ड आणून देणारा शेजारी, गल्लीत रहदारी थोपवून धरणारी मुलं, सगळी नावं प्रॉडक्शनच्या वहीत रोजच्या रोज लिहीत गेलात तर एकही सुटणार नाही. मग ती नामावली एडीला वाचायला द्या. कोण कुठल्या दिवशी आलं होतं, ते त्याच्याच कागदांवर आहे.